न उठणारी पंगत

"पण गेलं काय, अक्का? कुणाचं काय चोरीला गेलं, तेवढं सांगा ना."

रेवण चौगुलेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळा गौराक्का गवारीच्या शेंगा मोडत होत्या. तिसऱ्यांदाही त्या शेंगाच मोडत होत्या.

आता हा रेवण कोण, ते आधी सांगायला हवं. सीमाभागातल्या खडकोळ गावच्या मठात हा पोरगा सहा वर्षं राहिला. शाळा गावात, जेवण मठात, आणि जेवणाच्या बदल्यात पंगतीत वाढायचं काम. पुढं शिकला, पुण्यात कंपनी काढली, आणि आता हाताखाली चाळीस माणसं. मान अशी ताठ झालेली, की मठाच्या बुटक्या दारात कपाळ आपटलं तरी गडी वाकला नाही. कपाळ चोळत आत आला.

आणि गौराक्का म्हणजे मठाच्या प्रमुख. सत्तरी कधीच ओलांडलेली. प्रवचन त्यांनी जन्मात केलं नाही. जे काही शिकवायचं ते चुलीपुढं, नाहीतर पंगतीत.

"नीट सांग," अक्का म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही असं धरून सांग."

"तुम्हाला खरंच कळत नाही, अक्का."

"मग सोपंच झालं की."

रेवण हसला. समजावून सांगायला त्याला भारी आवडायचं. दुसऱ्याचं समजून घ्यायला तेवढं नाही, पण ते जाऊ दे.

त्याच्या कंपनीनं 'ओसरी' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. आडगावच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर शहरातल्या डॉक्टरनं आपल्या खुर्चीत बसून चालवायचा. तिथूनच एक्स-रे बघायचा, तिथूनच औषध लिहायचं. पेशंटला गाडीत घालून शहरात न्यायचा वेळ वाचायचा. सात दवाखान्यांत ओसरी वर्षभर छान चालली होती. आणि परवा, सोमवारी, ती आणखी एकशे बारा दवाखान्यांत एकदम सुरू व्हायची होती. मांडव, पाहुणे, भाषणं, सगळं ठरलेलं.

मध्येच एक पत्र आलं. नाझनीन मुजावर नावाच्या बाईंचं. कुठल्याशा पॉलिटेक्निकात शिकवतात. त्यांनी साधं सरळ लिहिलं होतं, की तुमच्या ओसरीचं दार कुणीही अडवून ठेवू शकेल.

"ते कसं?" अक्कांनी विचारलं.

"कुणी आलं की ओसरी त्याला बसायला जागा देते आणि नाव विचारते. नाव पटलं की आत. आता एखाद्यानं नावच सांगितलं नाही, तर ओसरी वाट बघते. असे हजार जण येऊन गप्प बसले, तर सगळ्या जागा भरल्या."

"हजार जण कशाला येतील?"

"एकच माणूस हजारदा येऊ शकतो. खोडसाळपणा. दुसरं काय."

"आणि डॉक्टर?"

"तो बाहेर."

"किती वेळ?"

"तिथल्या कुणीतरी कॉम्प्युटर बंद करून परत सुरू करेपर्यंत." रेवणनं माशी हाकलावी तसा हात हलवला. "पण अक्का, आत कुणी शिरत नाही. कागदाला कुणी हात लावत नाही. काडी इकडची तिकडं होत नाही. ह्याला काय खोट म्हणायचं?"

"आणि टेबलावर झोपलेला पेशंट?"

रेवणनं हलवलेला हात खाली घेतला.

"...तोही थांबतो."

अक्कांनी एक शेंग मोडली.

"मग नाव न सांगणाऱ्याला उठवत का नाहीस?"

ह्याच प्रश्नाची तर तो सकाळपासून वाट बघत होता. त्याची छाती दोन बोटं वर आली.

"तुम्हीच शिकवलंय, अक्का. पानावर बसलेल्याला उठवायचं नाही."

हे मात्र खरं होतं. बारा वर्षांचा असताना रेवणनं एका गाडीवानाला भर पंगतीत पानावरून उठवलं होतं. पाय न धुता बसला म्हणून. अक्का त्याला रागावल्या नाहीत. फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. शेवटी रेवण दोन गावं पालथी घालून त्या गाडीवानाला हाताला धरून परत घेऊन आला, त्याला वाढलं, तेव्हा कुठं अक्कांनी तोंडात घास घातला.

ते पोराच्या काळजात रुतून बसलं. ओसरी लिहायला घेतली तेव्हा त्यानं पहिला नियम तोच घातला. आलेल्याला जागा द्यायची, आणि तो आपणहून जाईपर्यंत उठवायचं नाही. कंपनीच्या भिंतीवर हे वाक्य पितळी अक्षरांत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा.

आणि आता कोण कुठली बाई म्हणते, नेमकी तीच खोट आहे.

त्याला राग आला होता. खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त. पत्र खरं ठरलं तर सोमवार रद्द करावा लागणार होता. आणि का रद्द केला, ते चारचौघांत सांगावं लागणार होतं. म्हणून तर तो एवढ्या लांब आला होता. अक्कांनी एकदा 'तुझं बरोबर आहे' म्हणावं, की परत जायला मोकळा.

अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"हात धू. पानं मांडलीत."

त्या दिवशी अमावास्या होती. दर अमावास्येला आसपासच्या वस्त्यांवरची माणसं मठात जेवायला येतात. आत एका वेळी साठ पानं बसतात. बाकीचे बाहेर मांडवात दुसऱ्या पंगतीची वाट बघत बसतात. आणि एक रीत आहे, मठाइतकीच जुनी. प्रमुख उठल्याशिवाय पंगत उठत नाही. तुमचं पोट आधी भरलं तरी उष्टा हात तसाच धरून बसायचं. आणि पंगत उठेपर्यंत नवं पान मांडायचं नाही.

रेवणला अक्कांनी आपल्या शेजारी बसवलं. आमटी-भात झाला, वांग्याची भाजी झाली, गव्हाची खीर झाली. रेवण दोनदा मागून घेऊन जेवला. पुण्यात त्याला ही आमटी कुठं मिळायला.

सगळ्यांची पानं साफ झाली. अक्कांच्या पानावर भाताचा एक घास उरला होता. त्यांनी तो बोटांत धरला...

...आणि तशाच थांबल्या.

रेवणला वाटलं, दम खात असतील. वय झालंय.

हळूहळू पंगतीतली कुजबुज थांबली. हातावरचा भात सुकायला लागला. बाहेर कुणाचंतरी लेकरू रडायला लागलं. दारातून कुणीतरी आत डोकावून गेलं, मग आणखी एक जण डोकावला.

"अक्का, घास घ्या की."

अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं. घास बोटांतच राहिला.

"अक्का... बाहेर लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी कुणाचं काही घेतलंय का?"

रेवण चपापला. मग गालातल्या गालात हसला. तो काही बावळट नव्हता, त्यानं लगेच ओळखलं. अक्का आपल्याला धडा देताहेत. बरं, धडा कळला. समजूतदारपणे मान डोलावून त्यानं तसं दाखवलंही. आता उठतील.

अक्का उठल्या नाहीत.

रेवणनं पुन्हा मान डोलावली, जरा जास्तच. अक्का भिंतीकडं बघत बसल्या होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दारातून एका बाईचा आवाज आला. इराप्पा मास्तरांची सून होती. ती वाढप्याला सांगत होती, आवाज दबका पण घाईचा.

"मामंजींनी इन्सुलिनची सुई घेतलीय. आता पान मिळेल म्हणून घेऊन बसले. पोटात काही गेलं नाही तर चक्कर येते त्यांना. एखादी जागा होते का बघा ना."

रेवणनं मान वळवून पाहिलं. ह्याच मास्तरांनी त्याला गणित शिकवलं होतं. ते मांडवातल्या खांबाला टेकून बसले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

रेवणनं वाढप्याला हाक मारली.

"अहो, त्यांना इथं बसवा," तो म्हणाला. पण इथं म्हणजे कुठं? साठ पानं, साठ माणसं. सगळ्यांची पोटं भरलेली, आणि एकही जागा रिकामी नाही. त्यानं उजवीकडच्या माणसाकडं पाहिलं. तो अक्कांकडं बघत होता. समोरच्या ओळीकडं पाहिलं. सगळी ओळ अक्कांकडं बघत होती.

आपल्याला धडा कळलाय, हे तो कुणाला सांगणार? मास्तरांना? तेवढ्यानं मास्तरांना पान मिळणार नव्हतं.

रेवण उठला. अक्कांच्या आधी. त्याच्या सहा वर्षांत त्या मठात असं कुणी केल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

तो अक्कांच्या पानापुढं येऊन उभा राहिला.

"अक्का, उठा."

"पानावर घास आहे अजून."

"असू दे. उठा."

"पानावर बसलेल्याला उठवतोस?"

गाडीवानाचा चेहरा डोळ्यांपुढं आला, अक्कांचे ते दोन उपाशी दिवस आठवले. डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटलं.

"होय," तो म्हणाला. "उठवतो."

आणि त्यानं हात पुढं केला. उजवा उष्टा होता, म्हणून डावा.

अक्कांनी तो घास गपकन तोंडात टाकला, त्याचा हात धरला आणि गुडघे कडाकडा वाजवत उठल्या.

"किती वेळ लावलास," त्या पुटपुटल्या.

पंगत उठली. रेवण मांडवात धावला आणि मास्तरांना दंडाला धरून आत आणून पहिल्या पानावर बसवलं. "मास्तर, काही होत नाही ना?" मास्तरांनी मूठ उघडून दाखवली. आत अर्धा चघळलेला गुळाचा खडा.

"मला काय होतंय? हा अक्कांनी पंगतीत बसायच्या आधीच दिला होता. घाम आला तर तोंडात टाका म्हणाल्या." मास्तर बोळकं पसरून हसले. "तूच घाबरलेला दिसतोस."

रेवणला हसावं की चिडावं कळेना. वाढपी दुसऱ्या पंगतीची पानं मांडत होते. तो बाहेर आला. अक्का रांजणाशी हात धूत होत्या.

"सोमवार रद्द करतो," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

"बरं."

"नाव सांगायला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ. नाही सांगितलं तर उठवायचं. आणि एकच माणूस शंभर जागा अडवून बसला, तर त्याला एकही नाही." आवाजात पहिली ऐट परत आली होती, आणि ह्या वेळी ती शोभत होती. "पंधरा दिवसांत करून दाखवतो. मगच एकशे बारा दवाखाने."

"बरं."

"आणि सगळ्यांना सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"बरं. आणि त्या बाईंना?"

रेवणनं तांब्या उचलला, परत ठेवला.

"त्यांना... दुरुस्ती झाली की कळवतो. आधी आपलं नीट करू. कच्चं काय सांगायचं?"

"पत्र येऊन किती दिवस झाले?"

"एकवीस."

अक्का पदराला हात पुसत राहिल्या.

"नंतर आणखी दोन आली," रेवण खालच्या आवाजात म्हणाला. "मिळालं की नाही एवढं तरी कळवा, म्हणून. मीच ऑफिसात सांगून ठेवलं होतं... उत्तर देऊ नका."

अक्का वळल्या. आत गेल्या, खिरीची बादली आणि ओगराळं घेऊन आल्या आणि दोन्ही त्याच्या हातात दिली.

"वाढायला घे. सगळ्यांत जास्त जो ताटकळलाय, त्याच्यापासून सुरुवात कर."

रेवणला बरं वाटलं. हे काम त्याच्या हातातलं होतं. सहा वर्षं केलेलं. बादली पेलून तो झपाझप आत गेला, सरळ इराप्पा मास्तरांच्या पानाशी वाकला आणि ओगराळं काठोकाठ भरलं.

मागून अक्कांचा आवाज आला.

"मास्तर तासभरच थांबलेत, रेवण."