गुंडाप्पानं फोन चार्ज केला

ओढ्याकाठच्या एका गावात गुंडाप्पा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगाल तेच तो करायचा, फक्त नको तिथं करायचा. त्याच्या या गुणापायी त्याच्या मुलीची, मालनची, दोन स्थळं हातची गेली होती. आता तिसरं आलं होतं. पाहुणे फाट्यावर पोचले की फोन करणार, आणि गुंडाप्पानं जाऊन त्यांना घरी आणायचं, असं ठरलं होतं. मालनची आई शेवंता सकाळपासून देवाला हात जोडत होती. हेही स्थळ गेलं तर पोरीनं तोंड कुठं लपवायचं, या काळजीनं तिला घास गिळवत नव्हता. आणि फोनची बॅटरी संपलेली.

घरात प्लग नव्हता. गावातले फोन पिठाच्या गिरणीत चार्ज व्हायचे, दळणाच्या डब्यांसारखे नंबरानं. गुंडाप्पा नंबराला बसला. नंबर आला, पण पिन काही फोनमध्ये जाईना. त्यानं गिरणीवाल्या यशवंताकडं हातोडी मागितली.

"हातोडी कशाला?"

"आत जात न्हाई."

"जोर करू नये. जात नसलं तर उलटं करायचं. आपसूक जातं."

उलटं केल्यावर पिन गेली. गुंडाप्पानं हे नीट ध्यानात ठेवलं. पण एवढ्यात वीज गेली, म्हणून तो घरी आला.

शेवंता अंगण सारवत होती. "शेळीला तेवढी गोठ्यात घाला," ती म्हणाली.

शेळी काही जाईना. गुंडाप्पानं तिला उलटी केली. शेळीचं ओरडणं ऐकून अख्खी आळी गोळा झाली.

"अवो, जनावर उलटं करत्यात व्हय?" शेवंता म्हणाली. "म्होरं पाला धरायचा, गोड बोलायचं, वाट बघायची. ती आपल्या पायानं येती."

"मग आधी सांगायचं," गुंडाप्पा म्हणाला.

वीज आल्यावर तो परत गिरणीत गेला. त्यानं फोन पोत्यावर ठेवला. वीतभर अंतरावर पिन धरली आणि म्हणाला, "ये बाळा, ये."

तासभर तो वाट बघत बसला. दळणाला आलेल्या बायका दळण विसरून बघत राहिल्या. शेवटी यशवंतानं स्वतःच्या हातानं पिन लावली. फोन भरल्यावर गुंडाप्पानं वायर धरून असा हिसडा दिला, की भिंतीवरचा बोर्ड निम्मा बाहेर आला.

"वायर धरून ओढू नये, तुटती," यशवंता कळवळून म्हणाला. "मुंडी धरायची, जरा हलवायची, मग ओढायचं."

तेवढ्यात फोन वाजला. पाहुणे फाट्यावर आले होते. गुंडाप्पा पळत घरी सांगायला गेला. शेवंताचे डोळे भरून आले.

"मुलाला घिऊन या," ती म्हणाली. "काय बी झालं तरी रिकाम्या हातानं माघारी येऊ नका."

फाट्याच्या वाटेवर उसाच्या शेतातलं पाणी फुटून आलं होतं. पाहुणे गाडी सोडून चालत निघाले होते, आणि नवरामुलगा गुडघ्याएवढ्या चिखलात रुतून बसला होता. उंचापुरा, डोक्यावर दाट केस. त्यानं हात पुढं केला.

"मामा, हात धरून ओढा."

"हात धरून ओढू नये, तुटतो," गुंडाप्पा मायेनं म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी मुंडी धरली, जरा हलवली आणि ओढली.

मुलगा जागच्या जागी राहिला. केस तेवढे अख्खे हातात आले.

मुलाच्या बापानं पोराला कसंबसं उपसून काढलं, डोक्यावर उपरणं टाकलं आणि गाडीत कोंबलं. केस मागायलाही ते थांबले नाहीत. गाडी धुरळा उडवत आल्या वाटेनं गेली.

घरी पाट मांडला होता. पोह्यांचा वास सुटला होता. मालन नवी साडी नेसून दाराआड उभी होती.

"पावनं कुठायत?" शेवंतानं विचारलं.

गुंडाप्पानं ते केस पाटावर ठेवले, हातानं नीट बसवले आणि फोन काढून मुलाचा फोटो तिच्यापुढं धरला.

"रिकाम्या हातानं आलो न्हाई," तो म्हणाला. "ताडून बघ, त्येच हायत. पोहे आण."