जुन्या बायबलचे उपकार

आमच्या चर्चच्या मंडळीत पीक घरी आल्यावरच्या हंगामाच्या सणाला प्रत्येकजण उभा राहून एकेका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानतो. त्या वर्षी पाहुणे होते डॉक्टर रूबेन रणनवरे. शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, इंग्रजी भाषांतर सुधारणाऱ्या समितीवरचे विद्वान, पण तोंडाने भारी फटकळ.

पुलपिटावरच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरच्या, जुन्या इंग्रजी बायबलवर बोट आपटून ते म्हणाले, "यात आम्ही तीन हजार चुका काढल्या. सुधारलेली प्रत आणलीय. हे आजच रद्दीत टाका!"

पाळकसाहेबांनी घाईघाईने उपकार मानायचा कार्यक्रम सुरू केला.

उपकार मानायची पाळी निवृत्त शिक्षिका सालोमीबाईंची आली.

"डॉक्टरसाहेब, आधी एक सांगा. समितीतली तुम्ही सगळी लहानपणी कोणतं शास्त्र वाचून वाढलात?"

"तेव्हा हेच होतं की."

सालोमीबाईंनी हात जोडले. "देवा, ज्या पुस्तकाने त्याच्याच चुका काढण्याइतकी शहाणी लेकरं वाढवली, ते आम्हाला दिलंस. तुझे उपकार!"

"आमेन!" सगळी मंडळी गरजली.

पुढची पाळी डॉक्टरांची होती. ते उठले, जुनं बायबल दोन्ही हातांनी उचलून नव्याच्या शेजारी ठेवलं आणि हळूच म्हणाले, "देवा, मीही याच्याबद्दलच तुझे उपकार मानतो."