खाली बघणारं बाळ

ही गोष्ट बाहेरच्यांना सांगायची नाही, असं आमच्या गावात सगळ्यांना बजावलेलं असतं. सांगितली तर कुणीतरी शहाणा येईल आणि चित्रातली चूक दुरुस्त करून जाईल. पण आज सण आहे, म्हणून हळूच सांगते.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, इनास नावाडी माणसांना पलीकडून आणायचा. ओहोटीला होडी काठाला लागत नसे. मग तो कमरेएवढ्या चिखलात उतरायचा आणि एकेकाला खांद्यावर घेऊन कोरड्यात ठेवायचा. त्याच्या खांद्यावर दोन माणसं मांडी घालून जेवू शकत, असं म्हणतात.

त्याला एकच मुलगा, बस्त्याव. आईवेगळा. बापाच्या खांद्यावर बसला की तो पुढे वाकायचा, उलट्या तोंडानं बापाच्या डोळ्यांत बघायचा आणि विचारायचा, “बा, मी दिसतो का?”

“दिसतोस रे, दिसतोस. नीट बस, नाहीतर दोघंही चिखलात!”

एका पावसाळ्यात होडी भरलेली असताना वादळ उठलं. इनास एकेकाला काठावर पोचवू लागला. शेवटी होडीत बस्त्याव आणि एक म्हातारी उरली.

“आधी आजीला ने, बा. मी थांबतो.”

आजीला ठेवून इनास वळला, तर मागे होडी नव्हती. नुसतं पाणी होतं.

पुढे आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीमागचं चित्र काढायला गोव्याहून कायतान चितारी आला. चित्र संत क्रिस्तोफरचं. हा संत बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करतो. हातात काठी, पाय पाण्यात. इनासला बघताच कायतान म्हणाला, “मिळाला माझा संत!”

इनास उभा राहिला, पण एका बोलीवर. बाळाला बस्त्यावचा चेहरा हवा. तो सांगत गेला, कायतान काढत गेला. भुवईवरची खोकसुद्धा सुटली नाही. चित्र पुरं झालं तेव्हा इनास त्याच्या खाली जाऊन उभा राहिला आणि वर बघू लागला.

मग म्हणाला, “सगळा तोच आहे. पण माझ्याकडे बघत नाही.”

“अरे, बाळ येशू आहे तो. एका हातात पृथ्वी, एक हात आशीर्वादाला. त्यानं सगळ्या गावाकडे बघायचं असतं.”

“बघू दे की. मला एकदाच हवंय.”

“मान वाकवली तर मला पुन्हा कुणी देवळात उभं करणार नाही, इनास.” कायताननं कुंचले गुंडाळले आणि तो निघून गेला.

तेव्हापासून होडी बांधली की इनास वेदीपाशी जायचा आणि वर बघत उभा राहायचा. त्याचे केस पांढरे झाले, मान मागे आखडली ती आखडलीच. पोरं चिडवायची, “इनासबा, आकाशातले मासे मोजता का?”

“तो वाकला की होईल सरळ,” इनास म्हणायचा.

मग एका वर्षी संताच्या सणाच्या दिवशी पहाटे देवळाचं दार उघडलं, तर फरशीवर चिखलाची लहान लहान पावलं उमटलेली. खाडीकडून वेदीपर्यंत आलेली, परत गेलेलं एकही नाही. वेदीखाली इनास शांत निजला होता, मान अगदी सरळ. आणि वर चित्रात बाळ वाकून बापाच्या डोळ्यांत बघत होतं. असं म्हणतात.

म्हणून सणाच्या सकाळी गावातले बाप पोरांना खांद्यावर घेऊन खाडीवरून देवळात येतात. उंबऱ्यावर पोर वाकून विचारतं, “मी दिसतो का?” बाप उत्तर देतो, मगच आत पाऊल टाकतो. ज्यांची पोरं दूर गेली, ते रिकाम्या खांद्यांनी येतात. उंबऱ्यावर तेही थांबतात आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणतात, “दिसतोस.”

मी आता नववीत आहे. खांद्यावर बसायची लाज वाटते, म्हणून गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेले. वळून बघितलं, तर पप्पा उंबऱ्यावर एकटेच उभे होते आणि त्यांचे ओठ...

“अगं, कुठे आहेस तू? दिसत नाहीस मला!”

पप्पाच हाक मारतायत, खाडीवरून. जाते मी. यंदा उंबऱ्यावर मी त्यांना विचारणार आहे, “मी दिसते का?”