नदीकडची बाजू

पूर्वी काशीनगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेर, नदीकाठच्या टोपल्या विणणाऱ्यांच्या वाडीत जन्माला आला. त्याचे नाव सुतन. वाडीत प्रत्येक घराचे वेळूचे एक बेट, म्हणजे बांबूंचा दाट पुंजका, होते आणि त्या बेटाच्या जिवावरच घराची चूल पेटत असे.

बेटात जुना, पक्का वेळू मधोमध असतो आणि कोवळा कडेला येतो. जुनी माणसे आत शिरून पक्का वेळू तोडीत आणि कडेचा वाढू देत, कारण बेट पसरते ते कडेनेच. पण आत शिरायचे म्हणजे काट्यांनी अंग ओरबाडून घ्यायचे, मुंग्यांचे चावे सोसायचे. कडेचा वेळू मात्र कोयत्याच्या एका घावात हाती येई. शिवाय तो विणायलाही मऊ.

सुतनाच्या शेजारी उग्रक राहत असे. माणूस हाताचा चपळ आणि तोंडाचा त्याहून चपळ. सुतन बेटात शिरताना दिसला की हा अंगणातूनच हाक मारी, "अरे सुतना, आत कोणी जेवायला बोलावलंय का? कडेचा एक तोडलास तर बेट काय बुडणार आहे?"

"एकाने नाही बुडायचं," असे म्हणून सुतन आत शिरे. वाद घालणे त्याच्या स्वभावात नव्हते.

उग्रक कधीच हावरटासारखा तोडीत नसे. एका वेळी एकच वेळू, आणि मनाशी तेच एक वाक्य. हळूहळू वाडीतल्या इतर घरांनीही हाच सोपा मार्ग धरला.

उग्रकाची एकुलती एक लेक पदुमा लहानपणापासून सुतनाच्या मागे मागे हिंडायची. बाप वेळू आणायला पाठवी तेव्हा ती उशिरा परत येई. हात ओरबाडलेले, वस्त्र फाटलेले.

"एका वेळूला एवढा वेळ? कडेचे काय संपले होते?" उग्रक खेकसे. पोर वेळू सोलायला बसे.

पुढे पदुमाचे लग्न नदीपलीकडच्या गावी ठरले. वाडीची एक रीत होती. मुलगी सासरी जाताना माहेरच्या बेटाचा जिवंत कंद सोबत नेई. तो सासरच्या अंगणात रुजला की तिचे स्वतःचे बेट उभे राही आणि तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. रिकाम्या हातांनी गेलेलीच्या वाट्याला मागून आणलेला वेळू आणि जन्मभराचे टोमणे येत.

पाठवणीच्या सकाळी उग्रक कुदळ घेऊन बेटाकडे गेला. त्याने घराकडच्या कडेला खणले. कंद सुकून लाकूड झाला होता. थोडे सरकून पुन्हा खणले. तिथेही तेच. मग तो वेड्यासारखा खणत सुटला. अखेर मातीतच मटकन बसला. लेक रिकाम्या हातांनी नावेत चढताना त्याला दिसू लागली आणि त्याला रडू कोसळले.

कुदळीचा आवाज ऐकून सुतन आला.

"सुतना, माझ्या हातानंच मी लेकीला उघडं पाडलं. तुझ्या बेटातला एक कंद दे रे."

"हवे तेवढे ने. पण आधी तुझ्या बेटाच्या नदीकडच्या बाजूला जाऊन ये."

"तिकडे कशाला? मी तर तिकडे कधी फिरकतही नाही."

"पदुमा फिरकायची," सुतन म्हणाला.

उग्रक वळसा घालून गेला आणि जागीच थबकला. तिथे कडेने कोवळे वेळू दाट उभे होते आणि मातीतून नवे कोंब वर येत होते. त्यांच्यामधून आत एक अरुंद वाट जात होती, लहान मुलगी वाकून जाईल एवढीच. आत पक्के वेळू स्वच्छ तोडलेले दिसत होते. वाटेवरच्या काट्याला विटलेल्या वस्त्राची चिंधी लटकत होती. हे वस्त्र फाडले म्हणून आपण पोरीला किती बोललो होतो, ते त्याला आठवले. चिंधी सोडवून त्याने कनवटीला खोचली.

तिथला कंद त्याने खणून काढला. पदुमाने तो तान्ह्या मुलासारखा उराशी धरला आणि नावेत चढताना म्हणाली, "बाबा, मला एकच बाजू राखता आली. दुसरी तुम्ही बघा."

त्या पावसाळ्यात सुतनाने आपल्या बेटाचे कंद काढून घरोघरी वाटले. वाटले नसते तर इतरांची बेटे सुकून राजवाड्याच्या टोपल्यांची सारी मागणी आणि तिचा पैसा आपल्या एकट्याच्या दारी आला असता, हे त्याला कळत होते. उग्रक आता रोज बेटाच्या आत शिरू लागला. लोक त्याचीच जुनी थट्टा त्याला ऐकवीत आणि तो काट्यांतून आत सरके.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्खूसाठी. हात धुऊन उरलेले पाणी तो "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत ओतून देई. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उग्रक हाच. पदुमा म्हणजे विहाराच्या वाटेवरच्या रोपांना ओंजळीने पाणी घालणारी ती उपासिका. आणि सुतन मीच होतो."

भिक्खू उठला. लोट्यातले उरलेले पाणी त्याने रोपांपाशी नेऊन घातले. लहानशी कृतीही हलकी न मानणे, यालाच अप्रमाद म्हणतात.