भैरवची मिरवणूक

सोनदरीचे राजे प्रतापराव मोठे शीघ्रकोपी. "राजाचा दरारा हवा," म्हणत ते उठल्याबसल्या कुणावर तरी डाफरत. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी त्यांनी फर्मावलं, "ती गरीब गाय लक्ष्मी हत्तीण नको. मला तापट भैरव हवा!"

कासम माहुतानं समजावून पाहिलं. राजे गरजले, "भैरव आण, नाहीतर चालता हो!"

तीस वर्षं हत्तीखान्यात काढलेला कासम मुकाट्यानं भैरवला घेऊन आला. मात्र भैरव बाहेर निघाला की पुढे दवंडी द्यायचा रिवाज होता. तो त्यानं पाळला. "भैरव येतोय हो, बाजूला व्हा!"

मिरवणूक पेठेत शिरली, तर दारं बंद, ओटे ओस. फुलं उधळायलाही कुणी नाही.

"लोक कुठं गेले?" राजे अंबारीतून ओरडले.

"घरात, महाराज. भैरवला वाट सगळे देतात, जवळ कुणी येत नाही. लक्ष्मीला पोरं हातानं ऊस भरवतात, आणि गडावर तोफा चढवायच्या तर तीच लागते."

राजे अंबारीतून पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "कासम, खरं सांग. आमच्यापुढे चोपदार ललकारतो, तेव्हाही लोक असेच पळतात?"

"मला हत्तींचं विचारा, महाराज," कासम मान न वळवता म्हणाला. "राजांचं कळत असतं, तर मी दिवाण नसतो झालो?"

राजे खदखदून हसले. एवढ्या वर्षांत कासमनं ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं, पेठेनंही. समोरच्या माडीची एक खिडकी किलकिली झाली.