मानाचा फेटा आणि ज्वारीचे पोते

शिवळी संस्थानात दसऱ्याला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यास मानाचा फेटा बांधीत. त्या वर्षी आपापल्या वजनी गटात दोघे अजिंक्य ठरले होते: धिप्पाड हैबतराव आणि लहानखुरा मल्हारी.

"सरकार, निवाडा सोपा आहे," हैबतराव मिशीला पीळ देत म्हणाला. "या चिलटाला माझ्यापुढे उभे करा."

मल्हारी पेचात पडला. नाही म्हणावे तर फेटा जाणार. हो म्हणावे तर फेटा बांधायला डोके उरणार नाही. त्याने हात जोडले.

"लढतो, सरकार. आधी आम्हा दोघांना कोठारातल्या तराजूत बसवावे."

हैबतरावाचे पारडे धाडकन टेकले. मल्हारीच्या बाजूस ज्वारीचे गच्च पोते चढवले, तेव्हा कुठे काटा मध्यावर आला.

"पैलवान, तुमच्यातले एवढे वजन बाहेर ठेवून रिंगणात या," मल्हारी म्हणाला.

"अंगचे वजन बाहेर ठेवता येते का रे, शहाण्या?"

"मग मला तुमचे कसब नव्हे, हे पोते हरवणार. सरकार, तसे झाल्यास फेटा पोत्यालाच बांधावा."

सरकारांनी हसू दाबले. "रास्त आहे. बोला हैबतराव, लावू लढत?"

हैबतरावाने पोत्याकडे पाहिले.

"मल्हारीलाच बांधा, सरकार. पोत्याने माझा मान पळवला, असे गावभर व्हायला नको."