चंद्रीचे चारशे बारा खिळे

इंजिनाला चंद्री हे गाईचं नाव कसं पडलं ते मला विचारू नका, ठेवणारे कधीच गेले. फार वर्षांपूर्वी खालच्या धारखिंडीपासून घाटावरच्या आवळेमाळापर्यंत छोट्या रुळांवरून ती लाकडं ओढायची. जंगल संपलं, मालक निघून गेले, आणि चंद्री धारखिंडीच्या चिंचेखाली वीस वर्षं उभी राहिली. तिच्या धुराड्यात साळुंक्यांनी घरं केली.

मग एका साली पाऊस आलाच नाही. धारखिंडीच्या तळ्यात पाणी होतं, पण आवळेमाळाच्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या. वर जायला एक पायवाट, नाहीतर ते रूळ. डोक्यावरच्या हंड्यांनी अख्खं गाव किती दिवस जगणार? तेव्हा लोकांना चंद्री आठवली, आणि तिच्यापाठोपाठ गैबीमिस्त्री आठवला.

गैबीमिस्त्रीचा उभा जन्म इंजिनांच्या पोटात गेला होता. तो आला, चंद्रीभोवती तीनदा फिरला आणि म्हणाला, "उठवतो हिला. पण घाई कुणी करायची नाही."

घाई का नाही, ते नीट ऐका. इंजिनात आग पेटते त्या पेटीला दुहेरी भिंत असते. मधे पाणी उकळतं, आणि दोन्ही भिंतींना धरून ठेवतात ते खिळे. चंद्रीला असे चारशे बारा होते. खिळा आतून तुटलेला असला तर बाहेरून दिसत नाही, पण वाफ कोंडली की पेटी फुटते आणि जवळच्या माणसाचं काही उरत नाही. म्हणून मिस्त्री पेटीत शिरायचा, एकेका खिळ्याचा गंज खरवडायचा, बोटभर हातोडीनं तो वाजवायचा आणि कान लावायचा. धड खिळा ठण्ण वाजतो, तुटका बद्द. बद्द वाजला की खडूची फुली. दिवसाला दहा खिळे, फार तर बारा. सगळ्या फुल्या मारून झाल्याशिवाय एकही खिळा काढायचा नाही, हा त्याचा शिरस्ता.

फुल्या पुऱ्या झाल्या आणि मिस्त्री लोखंड आणायला परगावी गेला. नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी आली. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. आवळेमाळाच्या बाया चंद्रीची पूजा करायला खाली उतरल्या. पुढे होती चंपाक्का पाटलीण. तिची सून नुकती बाळंतीण झाली होती आणि पाण्यावाचून तिचं दूध आटत चाललं होतं. बायांनी चंद्रीला चिंचेनं घासलं, शेंदूर लावला. मग आत डोकावल्या. आग पेटते ती चूलच, आणि सणाला चूल सारवायला नको? शेणमातीनं त्यांनी अख्खी पेटी सारवून काढली. अगदी मनापासून, कोपरा न् कोपरा.

मिस्त्री परतला आणि पेटीत डोकावला. "अक्का, तिथं माझ्या फुल्या हुत्या."

चंपाक्का म्हणाली, "चुकलं आमचं, मिस्त्रीदादा. पर पुन्यांदा वाजवा की!"

 मग मिस्त्री जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलला. "कान गेले माझे, अक्का. शेवटचे शंभरेक खिळे मला ऐकूच आले नाहीत. लाजंखातर अंदाजानं फुल्या मारल्या."

आता म्हातारा रडेल, असं बायांना वाटलं. चंपाक्कानं त्याच्या हातातली हातोडी घेतली. "मडकं घेताना आमी वाजवूनच घेतो. चीर गेलेलं मडकं आमच्यापास्नं लपत न्हाई," ती म्हणाली आणि पेटीत शिरली.

सारवण धुऊन काढलं. पहिल्या खिळ्यापासून ती वाजवायची, मिस्त्री फुली मारायचा. मग तुटके खिळे काढून नवे बसवायचे. वर आवळेमाळात माणशी दिवसाला एक तांब्या पाणी उरलं होतं. अखेर सगळे खिळे बसले. नवे ठोकताना शेजारचा जुना तुटू शकतो, म्हणून आग पेटवण्याआधी एकवार पुन्हा सगळे वाजवायचे, असं मिस्त्रीनं सांगितलं. चारशे अकरा ठण्ण वाजले. कोपऱ्यातला शेवटचा वाजवून चंपाक्का थांबली.

बाहेर तिचा नवरा रंगराव पाटील आणि अख्खं गाव ताटकळत होतं. मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं, तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता. तो खिळा बदलायचा तर चार दिवस जाणार. ठण्ण म्हणाली असती तर उद्याच पाणी वर. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"बद्द हाय," ती म्हणाली.

पाटील भडकला. "एका खिळ्यानं काय हुतंय? नात मरंल तुझी तिकडं!"

"आन् गाडी फुटली तर मरतील ती कुणाची हायेत?" चंपाक्का म्हणाली.

खिळा काढला तर मिस्त्रीच्या तळहातावर त्याचे दोन तुकडे पडले. पाटलानं मान खाली घातली.

पाचव्या दिवशी सकाळी चंद्री पेटली. मागे पाण्याच्या टाक्या होत्या. मिस्त्रीनं कुणालाही चढू दिलं नाही, लोक लांबून मागे चालत होते. तिसऱ्या वळणावर चाकं जागीच फिरू लागली आणि गाडी मागे सरकली. मिस्त्रीनं आणखी लाकडं लोटली. वाफेचा काटा लाल खुणेच्या पलीकडे गेला. लोकांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात चारशे बारा खिळे एका सुरात वाजले आणि ते आवळेमाळात ऐकू गेलं, असं म्हणतात. बहिऱ्या मिस्त्रीनंही ते ऐकलं असणार, कारण तो हसत होता. चंद्री वळण चढून गेली.

पाणी पोचलं. नात जगली. टाक्या रिकाम्या झाल्यावर मिस्त्रीला शोधायला गेले तर इंजिनात कुणी नव्हतं, आग मात्र जळत होती. तो वाफेत विरून गेला, असं म्हणतात. मला विचाराल तर मानपान चुकवून म्हातारा पायवाटेनं गुपचूप उतरला असेल. पण हे आवळेमाळात बोलू नका, जेवायला मिळणार नाही.

चंद्री आता आवळेमाळातच उभी आहे. तिला पेटवून जमाना झाला. तरी खंडेनवमीला बाया तिची पेटी सारवतात, मग सगळं धुऊन काढतात. सारवण्याला तिथे कुणी चूक म्हणत नाही, त्या सारवणानंच अंदाजाच्या फुल्या पुसल्या आणि गाव वाचवलं. मग गावातली सगळ्यात वडील बाई हातोडी घेऊन आत शिरते. चारशे बारा खिळे वाजेपर्यंत पोरंसोरंसुद्धा गप्प बसतात. एखादा बद्द वाजला तर तो बदलल्याशिवाय गावात पंगत बसत नाही.

गेल्या साली दोनशे सातवा बद्द वाजला. पंगत चार दिवसांनी बसली.